तीस वर्षं सांभाळलेलं मत

१९६२ साली ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजात एका पंजाबी विद्यार्थ्यानं डी. फिल.चा प्रबंध पुरा केला. विषय होता भारताची निर्यात. १९५१ ते १९६० या दशकात ती का रेंगाळली, पुढे वाढेल का, आणि वाढवायची तर धोरण कसं हवं. दोन वर्षांनी त्याचं पुस्तकही निघालं. त्या काळी दिल्लीत बहुतेकांची धारणा अशी होती की चहा, ताग आणि सुती कापड जगाला विकून विकून किती विकणार? बाहेर मागणीच नाही, तेव्हा आयात आवळायची आणि घरातलं घरात भागवायचं. या विद्यार्थ्यानं आकडे मांडून दाखवलं की दोष सगळा बाहेरचा नाही. निर्यात करू पाहणाऱ्याचे हात आपणच बांधून ठेवलेत.

हा विद्यार्थी म्हणजे मनमोहन सिंग. प्रबंधातलं ते मत सरकारी आदेशात उतरवायची संधी त्यांना मिळाली १९९१ च्या जुलैमध्ये. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी त्यांनी सरकारातच काढली.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. अकरावीला आर्थिक सुधारणांचा धडा असतो. मुलं 'खाउजा' पाठ करतात (खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण), पाच गुणांचं उत्तर लिहितात आणि पुढच्या धड्याला लागतात. त्यांना वाटतं, कुणीतरी एक दिवस खटका दाबला आणि देश बदलला. मला मात्र हा धडा शिकवताना त्या मधल्या तीस वर्षांचंच कुतूहल वाटत राहतं. जे आपल्याला पटलेलं आहे त्याच्या उलट दिशेला चाललेल्या गाडीत बसून माणूस इतकी वर्षं काय करतो?

गाह हे आज पाकिस्तानात असलेलं गाव, १९३२ चा जन्म, आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलं, फाळणीनंतर अमृतसर, मग पंजाब विद्यापीठ, मग केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज, १९५६ चं ॲडम स्मिथ पारितोषिक, पुढच्या वर्षी पहिला वर्ग. हे सगळं डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा पानोपानी छापून आलं. घरात वीज नसलेल्या गावातून निघालेला मुलगा केंब्रिजला पहिला येतो, ही गोष्ट मोठीच आहे. पण हुशार मुलगा परदेशी शिकून मोठा झाला, एवढ्यावर आपल्याकडे सगळे थांबतात. खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली.

काही काळ त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेत काम केलं, मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवलं. १९७१ मध्ये ते विदेश व्यापार मंत्रालयाचे आर्थिक सल्लागार झाले आणि तिथून सरकारी कारकीर्द सुरू झाली. १९७२ मध्ये अर्थ मंत्रालयाचे मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ मध्ये अर्थ सचिव, १९८२ ते १९८५ मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. हा काळ कुठला ते पाहा. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, मक्तेदारीविरोधी कायदा आलेला, परकीय चलनावर १९७३ च्या कायद्यानं कडक पहारा. कारखानदारानं किती माल काढायचा हेही दिल्लीतला कारकून ठरवणार. आणि या सगळ्या कारभाराच्या मध्यभागी, एकामागून एक मोठ्या खुर्चीवर, तो प्रबंध लिहिणारा माणूस बसलेला.

त्यांचे टीकाकार म्हणतात, परवाना राज चालवणारेही हेच आणि मोडल्याचं श्रेय घेणारेही हेच. टीका खोटी नाही. पण नुसत्या संधिसाधूपणानं याचा उलगडा होत नाही असं मला वाटतं. संधिसाधू माणूस मत बदलतो. यांनी मत बदलल्याचं दिसत नाही, ते राखून ठेवलेलं दिसतं. सल्लागारानं सल्ला द्यायचा, निर्णय निवडून आलेल्यांनी घ्यायचा, आणि निर्णय झाला की तो नीट राबवायचा, ही शिस्त त्यांनी मनापासून पाळली. राजीव गांधींनी नियोजन आयोगाला विदूषकांची टोळी म्हटल्याचं सांगतात. तेव्हा आयोगाचे उपाध्यक्ष हेच होते. तेही त्यांनी गिळलं. १९८७ मध्ये ते साऊथ कमिशनचे, म्हणजे विकसनशील देशांच्या आयोगाचे, सरचिटणीस म्हणून जिनिव्हाला गेले. भारताचा जागतिक निर्यातीतला वाटा स्वातंत्र्याच्या सुमाराला दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो एव्हाना अर्ध्या टक्क्याच्या घरात आला होता.

मराठी माणसाला इथे चिंतामणराव देशमुख आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, पहिले भारतीय गव्हर्नर, आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ ला ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंशी मतभेद झाले तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी भर संसदेत आपली बाजू मांडली आणि मंत्रिपद सोडलं. आमच्या घरात देशमुखांचं नाव निघालं की वडीलधाऱ्यांचा आवाज बदलायचा. राजीनामा देणारा माणूस आपल्याला भावतो, त्यात एक लखलखीतपणा असतो. मनमोहन सिंगांनीही पुढे मंत्री असताना राजीनामा देऊ केला होता, रोखे घोटाळ्याच्या वेळी. पण 'राहू द्या' म्हटल्यावर ते राहिले. त्यांचा पिंड थांबणाऱ्याचा, आत राहून वाट बघणाऱ्याचा. या दोन स्वभावांत कुठला श्रेष्ठ याचा निकाल मला देता येत नाही. एवढं नक्की की १९९१ ला थांबलेला माणूसच कामी आला.

त्या वर्षीच्या जूनमध्ये परकीय गंगाजळी इतकी आटली होती की जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागली असती. चंद्रशेखर सरकारच्या काळातच २० टन सोनं बाहेर गेलं होतं. जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन सोनं रिझर्व्ह बँकेनं मुंबईहून विमानानं लंडनला धाडून गहाण ठेवलं, तेव्हा ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उभं राहिलं. नरसिंह रावांनी अर्थमंत्रिपदासाठी आधी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेल यांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले. मग इंदिरा गांधींचे एकेकाळचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी मनमोहन सिंगांना गाठलं. तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. २१ जूनला शपथ झाली.

पुढचा महिना मी मुलांना दिवसवार सांगते, कारण धोरण म्हणजे काय ते त्यातूनच कळतं. १ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, सुमारे नऊ टक्के. रुपया स्वस्त झाला की आपला माल बाहेर स्वस्त पडतो आणि निर्यातीला जोर येतो. बाजाराचा अंदाज घ्यायचा आणि दोन दिवसांनी दुसरा, जरा मोठा टप्पा उरकायचा, असं ठरलं होतं. रुपयाचं मोल कमी करणं म्हणजे तेव्हाच्या राजकारणात देशाची अब्रू घालवण्यासारखं. १९६६ च्या अवमूल्यनानंतर इंदिरा गांधींवर केवढी झोड उठली होती ते जुन्या खासदारांना आठवत होतं. विरोध वाढला आणि ३ जुलैच्या सकाळी राव डगमगले. दुसरा टप्पा थांबवा, असं त्यांनी सांगितलं. मनमोहन सिंगांनी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावला. रंगराजन म्हणाले, उशीर झाला, दर जाहीर होऊन गेले. दोन टप्पे मिळून रुपया डॉलरमागे २१ वरून २६ च्या आसपास गेला.

मुलं इथे हसतात. एवढ्या मोठ्या देशाचं नशीब एका उशिरा लागलेल्या फोनवर! मला मात्र यात वेगळंच दिसतं. प्रबंधात अवमूल्यनाची बाजू मांडायला धैर्य लागत नाही. तेच मत घेऊन डगमगणाऱ्या पंतप्रधानासमोर बसायला लागतं. त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट पंतप्रधान कार्यालयातल्या तेव्हाच्या एका अधिकाऱ्यानं पुढे सांगितली. जिनिव्हातल्या नोकरीचे थोडे डॉलर मनमोहन सिंगांच्या खात्यात शिल्लक होते. रुपया घसरल्यावर त्यांची रुपयांतली किंमत आपोआप वाढली. तो वाढावा त्यांनी पंतप्रधान मदत निधीत भरून टाकला. कुणी विचारणार नव्हतं, कायद्यानं काही अडत नव्हतं. आपण घेतलेल्या निर्णयाचा फायदा आपल्याच खिशात पडू नये, एवढी साधी गोष्ट. ती सांगितली की वर्ग शांत होतो.

४ जुलैला व्यापार धोरण आलं. रुपया स्वस्त झाल्यावर गरज उरली नाही म्हणून निर्यातीवरचं रोख अनुदान बंद झालं, आयात परवान्यांचं जाळं सैल व्हायला लागलं. १९६२ च्या प्रबंधाशी सगळ्यात जवळचा दिवस हाच. २४ जुलैला दुपारी संसदेत औद्योगिक धोरण आलं, अठरा उद्योग वगळता परवाना गेला, आणि संध्याकाळी अर्थसंकल्प. सर्वोच्च सीमाशुल्क ३०० टक्क्यांच्या वर होतं, ते १५० वर आणलं. वित्तीय तूट, म्हणजे सरकारच्या खर्च आणि उत्पन्नातली दरी, राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांच्या घरातून साडेसहापर्यंत खेचायची ठरलं. त्यासाठी खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या.

आणि इथे अर्थतज्ज्ञाची गाठ राजकारणाशी पडली. काँग्रेसचेच खासदार खवळले. शेतकऱ्यांना काय तोंड दाखवायचं, असं पक्षाच्या बैठकीत सुनावलं गेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला वाढ ४० वरून ३० टक्क्यांवर आली, अल्पभूधारकांना त्यातून वगळलं. काही अर्थतज्ज्ञांना ही माघार वाटली. मला ती शिकवणी वाटते. बाकीचा सगळा अर्थसंकल्प त्या दहा टक्क्यांच्या बदल्यात तरला. हा सौदा जमवला नरसिंह रावांनी. उद्योग खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं, अल्पमतातलं सरकार चालवत होते, आणि बोलणी खायला अर्थमंत्र्याला पुढे करून मागून सांभाळून घेत होते. मनमोहन सिंगांकडे मत होतं आणि ते राबवायचा अनुभव होता. मतं मिळवायची आणि माणसं बांधायची कला रावांकडे होती. १९९१ चं श्रेय एकट्याचं नाही, हे मनमोहन सिंग स्वतः शेवटपर्यंत सांगत राहिले.

ती कला त्यांना पुढेही आली नाही. १९९९ ला दक्षिण दिल्लीतून लोकसभा लढवली आणि हरले. तीच त्यांची एकमेव लोकसभा निवडणूक. आसामातून राज्यसभेवर जात राहिले. २००४ ला सोनिया गांधींनी पद नाकारलं आणि २२ मे रोजी ते पंतप्रधान झाले.

त्या दहा वर्षांचा हिशेब मांडायला बसलं तर जमेची बाजू भरभक्कम आहे. माहितीचा अधिकार आला. रोजगार हमीचा कायदा आला, आणि त्याचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी इथे उभी राहिली, खडी फोडणाऱ्या बायांच्या हाती मजुरी पडली, तीच कल्पना २००५ मध्ये देशाचा कायदा झाली. अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकरांच्या पद्धतीनं मोजलं तर २००४-०५ ला देशात दारिद्र्यरेषेखाली ४० कोटींहून जास्त लोक होते, २०११-१२ ला २७ कोटींच्या आत आले. हा आकडा फळ्यावर लिहिताना मला दरवेळी भरून येतं. त्या आकड्यात माणसं आहेत, आमच्या गावातलीही आहेत.

पण मी विदर्भात राहते, त्यामुळे मला ३० जून २००६ विसरता येत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या आमच्या भागात पंतप्रधान आले. वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला गेले, घरच्यांशी बोलले. कापसाची एकाधिकार खरेदी मोडकळीला आलेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं म्हणून पेरणीला सावकार गाठलेला, अशी घरं ती. लोकांचं मागणं सरळ होतं. कर्ज माफ करा आणि कापसाला भाव द्या. दुसऱ्या दिवशी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात सगळ्यात मोठी रक्कम सिंचनाची, दोन हजार कोटींच्या वर. थकलेलं व्याज माफ, सुमारे ७१२ कोटी. मुद्दल तसंच, भाव तसाच.

अर्थशास्त्राची शिक्षिका म्हणून मला ते पॅकेज समजतं. कर्जमाफीनं परतफेडीची सवय मोडते, भाव बाजारानं ठरवावा, पैसा पाण्यात घालावा म्हणजे उत्पन्न कायमचं वाढेल. एकेक वाक्य बरोबर आहे. पण त्या जूनमध्ये ज्याच्याकडे बियाण्याला पैसे नव्हते त्याला धरणाचं पाणी दहा वर्षांनी मिळणार होतं, तेही मिळालं तर. पुढे २००८ ला देशभराची कर्जमाफी आली, सुमारे ७० हजार कोटींची. तिथे दोन हेक्टरांची रेघ आखली गेली. पाच एकरांपर्यंत पूर्ण माफी, वर असेल तर पाऊण रक्कम भरा, मग उरलेली पाव माफ. पश्चिम महाराष्ट्रात पाच एकर पाण्याखालची जमीन म्हणजे ऊस किंवा द्राक्षबाग. आमच्याकडे आठ एकर कोरडवाहू म्हणजे पावसानं दगा दिला की आठ एकर ढेकळं. सातबाऱ्यावर तो मोठा शेतकरी ठरला आणि रेघेच्या बाहेर राहिला. सावकाराचं कर्ज तर कुठल्याच यादीत नव्हतं. दुष्काळी जिल्ह्यांसाठी नंतर थोडी ढील दिली गेली, पण रेघ राहिलीच. देशभराचा विचार करताना अशी रेघ कुठेतरी आखावी लागते, हे मला मान्य आहे. ती आखणाऱ्यांत शेतीचे मंत्री होते, अर्थमंत्री होते. तरी वायफडच्या ओसरीवर बसून आलेल्या पंतप्रधानानं ती रेघ हलवायला हवी होती, असं मला आजही वाटतं. मतदारसंघ असलेल्या माणसानं ती हलवली असती.

त्यानंतर आली ती गप्प राहण्याची वर्षं. मोबाइल परवान्यांच्या टू-जी प्रकरणात २ नोव्हेंबर २००७ ला त्यांनी दूरसंचारमंत्री राजा यांना पत्र लिहिलं होतं, परवाने देताना पारदर्शकता राखा म्हणून. पत्र अगदी मुद्देसूद. राजांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं, आणि दोन महिन्यांनी हवे तसे परवाने वाटले. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यात पुढे सगळे सुटले ही गोष्ट खरी, पण माझा सवाल खटल्याचा नाही. पत्र लिहून झाल्यावर पंतप्रधान थांबले का? सल्लागार थांबतो. आपलं म्हणणं कागदावर आणलं की त्याचं काम संपतं. वर कुणीतरी निर्णय घेणारं असतं. आता वर कुणी नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये संपादकांसमोर त्यांनी आघाडीच्या अपरिहार्यतेचं कारण दिलं, २०१२ ला कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात संसदेबाहेर एक शेर ऐकवला, हजार उत्तरांपेक्षा माझं मौन बरं अशा अर्थाचा.

आमचे काका तेव्हा संध्याकाळी टीव्हीसमोर बसून एकच म्हणायचे, "मानूस चांगला हाय, पन बोलत काहून नाही?" काकांनी त्यांना कधी शिवी दिली नाही. इतर पुढाऱ्यांना ते सढळ हातानं देत. त्या प्रश्नात राग कमी आणि दुखणं जास्त होतं. ज्या सबुरीनं तीस वर्षं एक मत जपलं, तीच सबुरी सर्वोच्च खुर्चीवर बसल्यावर त्यांना आणि देशाला महाग पडली, असं माझं मत आहे. प्रामाणिक माणसाचं मौन आजूबाजूचे लोक वापरून घेतात. जानेवारी २०१४ च्या पत्रकार परिषदेत ते म्हणाले की आजच्या माध्यमांपेक्षा इतिहास माझ्याशी अधिक ममतेनं वागेल. बऱ्याच अंशी तसं घडतंय. मात्र त्या ममतेत हा प्रश्न बुडून जाऊ नये.

२४ नोव्हेंबर २०१६ ला ते राज्यसभेत नोटाबंदीवर बोलायला उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच बारीक, हातात कागद. भाषण काही मिनिटांचंच. हेतूशी माझं भांडण नाही, पण राबवण्यात प्रचंड ढिसाळपणा झाला, असं म्हणून त्यांनी एकेक मुद्दा घेतला. राष्ट्रीय उत्पन्न दोन टक्क्यांनी घसरू शकतं, आणि हा अंदाज कमीच आहे. संघटित लूट आणि कायदेशीर लुबाडणूक, हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना सभागृह थबकलं. मला मात्र त्यातलं दुसरंच एक वाक्य लागलं. खेड्यापाड्यांतल्या लोकांना सेवा देणाऱ्या सहकारी बँकांना रोख रकमेचे व्यवहार करू दिले जात नाहीत, असं ते म्हणाले. दहा दिवसांपूर्वीच जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली होती. कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणाऱ्या बायांना मजुरी द्यायला शेतकऱ्याकडे सुटे पैसे नव्हते, व्यापारी जुन्या नोटा पुढे करत होता नाहीतर चेक, आणि चेक वटवायचा तर खातं जिल्हा बँकेत. दिल्लीतल्या त्या गदारोळात आमच्या सोसायटीच्या खिडकीवर काय चाललंय हे नेमकं ठाऊक असलेला माणूस बोलत होता. आता त्याच्याजवळ टिकवायला सरकार नव्हतं, सांभाळायला आघाडी नव्हती.

काका ते भाषण पूर्ण ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे आंधी बोलाले पायजे होतं."